लाल भात फसवतो: मोनॅस्कस वाढवताना या चुका टाळा

मोनॅस्कस पर्प्युरियस ही बुरशी तांदळावर वाढवली की खाद्यरंग मिळतात आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं मोनॅकोलिन-के सुद्धा. सर्वांत घातक चूक म्हणजे भात गडद लाल झाला की काम साधलं असं मानणं. रंग आणि मोनॅकोलिन बुरशीच्या पेशीत वेगवेगळ्या वाटांनी तयार होतात. त्यामुळे भात लालभडक दिसतो, पण त्यात मोनॅकोलिन नावालाच असतं, असं सर्रास घडतं. शिवाय या बुरशीचे काही वाण सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही बनवतात. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सिट्रिनिन न बनवणारा वाण निवडा आणि तरीही प्रत्येक घाण्याची एचपीएलसी तपासणी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) कराच. युरोपीय संघात अशा लाल भाताच्या आहारपूरकांसाठी सिट्रिनिनची मर्यादा किलोमागे १०० मायक्रोग्रॅम आहे.

भात चिकट झाला? पाणी जास्त झालं. दाणे गोळा झाले की आत हवा पोचत नाही, बुरशी वरवरच वाढते आणि गाभा पांढरा राहतो. कमी चिकट, लांब दाण्याचा तांदूळ घ्या, भिजवून पूर्ण निथळा, निर्जंतुकीकरणानंतर दाणे मोकळे करा. भात ज्या पिशवीत वाढवता ती रोज हलवा.

लालऐवजी नारिंगी-पिवळा रंग येत असेल तर सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) आणि नायट्रोजन तपासा. नारिंगी रंगद्रव्याची नायट्रोजन असलेल्या अमिनो गटाशी अभिक्रिया झाली की लाल तयार होतो. माध्यम फार आम्ल असेल तर ही अभिक्रिया मागे पडते. थोडं मोनोसोडियम ग्लुटामेट (अजिनोमोटो) घातल्यास लाल छटा वाढते.

तापमानाचंही तसंच. रंगासाठी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठीक, पण मोनॅकोलिन हवं असेल तर सुरुवातीची वाढ झाल्यावर २५ अंशांवर आणा आणि घाई करू नका, ते सावकाश साठतं.

हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर तेवढाच भाग खरवडून उरलेला भात वापरू नका. पिशवी न उघडता ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) टाकून द्या.

आणि हा भात घरगुती औषध म्हणून कुणाला देऊ नका. मोनॅकोलिन-के म्हणजेच लोव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध. १९७९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी ते मोनॅस्कस रुबर या याच कुळातल्या बुरशीमधून वेगळं केलं. स्टॅटिनच्या गोळ्या चालू असलेल्यांना यामुळे स्नायूंचा त्रास होऊ शकतो. गर्भवतींनी तर ते घेऊच नये.

तयार भात वाळवून अपारदर्शक डब्यात ठेवा. उजेडात लाल रंग विटतो.