बीजिंगला जाताय? आधी राजवाड्याचा दिवस ठरवा

बीजिंगमध्ये पोचल्यावर निषिद्ध नगरीचं, म्हणजे तिथल्या जुन्या शाही राजवाड्याचं, तिकीट मागितलं तर बहुतेकदा ते संपलेलं असतं. म्हणून आराखडा तिथूनच सुरू करा.

१. राजवाडा सोमवारी बंद असतो, मोठ्या सुट्टीचा सोमवार सोडून. हा बंदचा दिवस मुतियान्यू इथल्या चिनी भिंतीला द्या.

२. तिकीट ७ दिवस आधी ऑनलाइन खुलं होतं आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं. खुलं होताच काढा.

३. आत जायचं दक्षिणेच्या दारातून, बाहेर पडायचं उत्तरेच्या. समोरच जिंगशान टेकडी आहे. ती चढाच! वरच्या मंडपातून राजवाड्याची पिवळी कौलं एका नजरेत दिसतात, आणि हे दृश्य मला आतल्या दालनांहूनही आवडतं.

४. सकाळी गाडीवरचं गरम जिआनबिंग खा. अंडं फोडून पसरलेलं धिरडंच ते, वर कोथिंबीर, कांद्याची पात आणि आत कुरकुरीत पापडी. रात्री भाजलेलं बदक. दोघांना अर्धं पुरे.

राजवाड्याच्या प्रवेशाला मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स चालत नाही. आणि १ ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा शक्यतो टाळा, सगळीकडे तुफान गर्दी असते.