स्नोमोबाईल शिकताय? मग मैदानावरचा दिवस चुकवू नका

अमेरिकेतल्या मिनेसोटात दोन-तीन हिवाळे काढले की कुणीतरी विचारतंच, "येणार का स्नोमोबाईल, म्हणजे स्नोवर पळणारी स्कूटरसारखी गाडी, चालवायला?" हो म्हणण्याआधी एक कागद लागतो. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या रहिवाशाला इथे स्नोमोबाईल चालवायची तर सेफ्टी सर्टिफिकेट हवंच. कोर्स राज्याच्या डीएनआरचा, म्हणजे नैसर्गिक संसाधन विभागाचा. मी तो माझ्या मुलीच्या जोडीने केला. तिला हौस होती आणि मला जन्मसालामुळे सुटका नव्हती.

नियमात एक गंमत आहे. ११ ते १५ वयाच्या मुलांना ऑनलाइन धडे संपवून एक दिवस मैदानावर प्रत्यक्ष मशीन चालवूनही दाखवावं लागतं. (अकराव्या वर्षी कोर्स करता येतो, पण सर्टिफिकेट लागू होतं ते बारावं पूर्ण झाल्यावर.) सोळाच्या पुढच्यांना मात्र ऑनलाइन पास झालं की पुरे. ज्यांचं बालपण स्नोमध्येच लोळण्यात गेलं त्यांना ही सवलत ठीक आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी गुडघाभर स्नो पाहिला तोच तिशीत, त्यामुळे आपण ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांच्या मैदानी दिवसाला पालक म्हणून जाच, आणि प्रशिक्षकांना सांगा की मलाही शिकायचंय. ते बहुधा स्थानिक क्लबचे स्वयंसेवक असतात. आमच्याकडच्यांनी तर आनंदाने मशीन पुढे केलं.

ऑनलाइन भागाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चित्रं, खुणा, कायदे, प्रश्न. घाईघाईत क्लिक करत सुटू नका, एवढंच.

खरी गोष्ट मैदानावर. दुचाकीवर वाढलेल्या माणसाचा हात आपोआप मनगट पिळायला जातो. इथे अ‍ॅक्सिलरेटर उजव्या अंगठ्याखालच्या खटक्यावर असतो, ब्रेक डाव्या हाताला. इंजिन चालू करण्याआधी प्रशिक्षकांनी प्रत्येकाला तो खटका दाबून सोडायला लावला: सोडल्यावर टक्कन मागे येतो का? थंडीत केबलमध्ये पाणी गोठून तो अडकू शकतो, आणि मग अंगठा काढला तरी मशीन पळतच राहतं. त्यासाठीच टेदर असतो, एक गुंडाळी दोरी. एक टोक जॅकेटला, दुसरं मशीनवरच्या स्विचला. तुम्ही फेकले गेलात की स्विच सुटतो आणि इंजिन बंद. ज्या मशीनला टेदर आहे त्यावर तो न लावता बसायचं नाही, हे आमच्या घरात आता कायम झालंय.

दुसरी सवय अधिक घातक. तोल गेला की आपण पाय टेकवतो, स्कूटरवर तेच शिकलोय. इथे पाय बाहेर काढला की तो स्नोमध्ये रुततो, मशीन पुढे सरकतं आणि गुडघा पिळवटतो. पाय फूटबोर्डवरच ठेवायचे आणि वळणाच्या आतल्या बाजूला वजन टाकायचं. शंकूंमधून सावकाश वळताना हे शरीरात मुरतं. व्हिडिओ पाहून मुरत नाही.

हाताच्या खुणा सगळ्या डाव्या हाताने, कारण उजवा अंगठा गुंतलेला असतो. डावीकडे वळायचं तर हात सरळ बाजूला, उजवीकडे तर कोपरात काटकोन करून वर, थांबायचं तर हात सरळ डोक्यावर. रांगेतल्या शेवटच्या चालकाने मूठ दाखवायची, म्हणजे समोरून येणाऱ्याला कळतं की मागे कुणी नाही. ट्रेल, म्हणजे स्नोमोबाईलच्या वाटा, दुतर्फा असतात, त्यामुळे ही मूठ फार मोलाची. मुलीने या खुणा माझ्याआधी पाठ केल्या आणि आठवडाभर गाडीतही मला त्याच दाखवत होती.

गोठलेल्या तलावांवर मात्र मी अजून कचरतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पायी चालायला किमान ४ इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा. स्नोमोबाईलसाठी ५ ते ७ इंच सांगतात. पांढरट, स्नो मिसळलेला बर्फ कमजोर असतो, त्याला दुप्पट जाडी धरायची. आणि एका ठिकाणी मोजलेली जाडी शंभर फुटांवर तशीच असेल असं नाही, विशेषतः ओढा येऊन मिळतो तिथे किंवा पुलाखाली. गळ्यात बर्फात रोवायच्या टोच्यांची जोडी हवी. पाण्यात पडलातच तर मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेक्ट यांचं १-१०-१ सूत्र लक्षात ठेवा: १ मिनिट श्वासावर ताबा मिळवायला, साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे घाबरून पहिल्याच मिनिटात धडपडू नका. ज्या दिशेने आलात तिकडेच वळा, टोचे रोवा, पाय मारत वर या आणि उभे न राहता लोळत लांब जा.

रात्रीचा वेग हा दुसरा सापळा. ताशी ४० मैलांना सेकंदाला जवळपास ५९ फूट जातात. काहीतरी दिसून अंगठा उठेपर्यंत दीड सेकंद गेला तरी ८८ फूट संपले, ब्रेक अजून लागायचाच आहे. दिव्याच्या उजेडात थांबता येईल तेवढाच वेग ठेवा, मग कायद्याची मर्यादा काही का असेना.

थंडीचंही तसंच. हवा शांत असली तरी वारा तुम्हीच तयार करता: शून्य फॅरनहाइटला ३० मैलांच्या वेगाने उघड्या त्वचेला उणे २६ लागतं. आत सुती कपडा नको, घामाने भिजला की वाळत नाही. लोंबता स्कार्फही नको. हेल्मेट १८ खालच्यांना कायद्याने बंधनकारक आहे, मोठ्यांनी अक्कल वापरावी.

आता मुलांबद्दल. कायदा बाराव्या वर्षी सर्टिफिकेट देतो, पण अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं म्हणणं आहे की १६ खालच्यांनी स्नोमोबाईल चालवूच नये आणि ६ खालच्यांना मागेही बसवू नये. दोन्ही वाचून आम्ही मधला रस्ता काढला: कमी ताकदीचं मशीन, मोकळं शेत, आमच्या नजरेसमोर. ट्रेल नाही, तलाव तर नाहीच. राज्यात १४ खालच्या मुलांना मोठा रस्ता ओलांडायलाही मनाई आहे, त्यामुळे ट्रेलचा हट्ट तसाही फार टिकत नाही. सर्टिफिकेट मिळालं म्हणून मशीन द्यायलाच हवं असं नाही, हे मुलीला पटवायला कोर्सपेक्षा जास्त वेळ लागला.

ट्रेलवर जागोजागी बार लागतात. स्नोमोबाईलवरची दारूही डीडब्ल्यूआयमध्ये, म्हणजे नशेत वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात, मोडते, आणि २०१८ च्या कायद्यानंतर त्यात गाडीचं लायसन्सही जातं. व्हिसावर असाल तर पुढचं मी सांगायला नको.

मैदानी वर्ग बहुतेक हिवाळ्याच्या तोंडावर लागतात आणि पटापट भरतात. स्नो पडल्यावर जागा होतात सगळे. तुम्ही ऑक्टोबरातच डीएनआरच्या यादीत जवळचा वर्ग शोधा, आणि नाव नोंदवताना पालकाला मशीनवर बसू देतात का, ते फोन करून विचारून घ्या.