आयकर रिटर्न स्वतः भरायचं की भरून घ्यायचं? कोकणातल्या घरांनी या चुका टाळा

जुलै लागला की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक बाजारपेठेत ‘येथे आयटी रिटर्न भरून मिळेल’ असे कागद चिकटवलेले दिसतात. झेरॉक्सच्या दुकानात, सेतूच्या शेजारी, कधी मोबाइलच्या टपरीवरसुद्धा. तिकडे पुण्यातला भाचा फोनवर सांगत असतो, “मामा, कशाला पैसे घालवता, दहा मिनिटांचं काम आहे.” भाचा खोटं बोलत नाही. त्याला पगार आणि फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) एवढंच ठाऊक, त्याचं दहा मिनिटांत होतंही. आपल्याकडची बरीच घरं मात्र एका उत्पन्नावर चालत नाहीत. रेल्वेची पेन्शन, चाळीस कलमांची बाग, मुलाने काढलेल्या होमस्टेच्या दोन खोल्या, डोंबिवलीचा भाड्याने दिलेला ब्लॉक, पतसंस्थेतल्या ठेवी, आणि यातलं बरंचसं एकाच पॅनवर. तेव्हा फी किती ते विचारण्याआधी कागदावर ही यादी करा. स्वतः भरायचं की नाही ते त्या यादीवरूनच कळतं.

खालचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असला तरी या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्यानेच भरायचं आहे. नव्या कलमांचे आकडे दाखवून कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

“आंब्याला टॅक्स नाही” म्हणून आंबा दाखवायचाच नाही

कोकणातली ही सगळ्यात मोठी चूक. स्वतः भरणारेही करतात आणि दुकानात भरून घेणारेही करतात, कारण दुकानदार विचारतच नाही.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, हे खरं. पण शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या पुढे असेल, तर बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न हिशोबात धरतात. उदाहरण घेऊ. सरकारी नोकरी, वार्षिक पगार १४,७५,००० रुपये, नवी करप्रणाली. ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १४ लाख उरतात. त्यावर कर होतो ९०,०००. आता याच माणसाच्या बागेतून खर्च वजा जाता ३ लाख सुटले. मग १७ लाखांवरचा कर काढायचा, तो १,४०,०००. करमुक्त मर्यादेचे ४ लाख आणि शेतीचे ३ लाख अशा ७ लाखांवरचा कर १५,०००, तो वजा करायचा. उरले १,२५,०००. म्हणजे आंब्याला कर नसूनही पगारावरचा कर ३५,००० ने वाढला, वर ४ टक्के सेस.

उलटही सांगायला हवं. शेती सोडून तुमचं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर नव्या प्रणालीत करात ६०,००० पर्यंत सवलत मिळते, आणि बाग लहान असेल तर बहुधा एक रुपयाही भरावा लागत नाही. उत्पन्न १२ लाखांच्या जवळ किंवा बाग मोठी असेल तर मात्र शेतीमुळे वाढलेला कर सवलतीच्या पुढे जाऊ शकतो. लहान बाग असलेल्या ९ लाखांच्या पेन्शनवाल्याने आंबा लपवून काहीच कमावलेलं नसतं. वर खात्यावर आलेल्या पैशांचा खुलासा गमावलेला असतो. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोकड भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. तेव्हा “हे आंब्याचे” असं नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

त्यासाठी वाशीच्या दलालाची पट्टी जपून ठेवा. वर पेट्या आणि भाव, खाली हमाली, गाडीभाडं, इतर कापाकाप आणि शेवटी हातात आलेली रक्कम, असा तो कागद असतो. हंगाम संपला की आपल्याकडे तो देवघराच्या खणात जातो आणि तिथेच विरतो. खताची, फवारणीची बिलं आणि राखणीला दिलेले पैसे त्याच पिशवीत ठेवा. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं तर रिटर्नमध्ये जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की भाडेपट्ट्याची, बागायत की जिरायत, हेही भरावं लागतं. आणि सातबारावर अकरा नावं असून आंबा एकच भाऊ विकत असेल, तर पैसे कुणाच्या खात्यात आले आणि वाटणी कशी झाली ते तेव्हाच लिहून ठेवलेलं बरं.

बागेच्या नावाखाली सगळंच खपवायचं

स्वतःच्या बागेतली काजू बी विकली तर ती शेती. तीच बी कारखान्यात भाजून, फोडून गर विकला तर बीच्या बाजारभावाएवढा भाग शेतीचा, त्यावरचा नफा धंद्याचा. आंब्याच्या पल्पचं तेच. दुसऱ्याच्या झाडांवर तयार झालेला आंबा उक्ता विकत घेऊन पुढे विकणाऱ्याचं उत्पन्न धंद्याचं. मात्र बाग कराराने घेऊन वर्षभर खत-फवारणी-राखण स्वतः करणाऱ्याचं प्रकरण करारातल्या अटींवर जातं, तिथे अंदाज करू नका, जाणकाराला करार दाखवा. मासेमारी शेतीत बसत नाही. होमस्टेही नाही, मग खोल्या बागेच्या मधोमध का असेनात.

फॉर्म चुकीचा

‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ आणि ‘सुगम’ म्हणजे आयटीआर-४, दोन्हींत शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंतच चालतं. पेन्शन आणि बाग असेल तर बहुधा आयटीआर-२.

खरी मेख होमस्टेवाल्यांना आहे. लहान धंद्यासाठी अंदाजे नफ्याची सोय आहे: रोखीच्या जमेवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेवर ६ टक्के नफा दाखवला की वह्या ठेवाव्या लागत नाहीत. यूपीआयने ६ लाख आले तर किमान नफा ३६,०००. हे ऐकून सगळे सुगमकडे वळतात. पण त्याच पॅनवर बागेचे ५,००० च्या वर आले की सुगम बाद, आयटीआर-३ भरायचा. तो फॉर्म लांबलचक आहे आणि पहिल्याच वर्षी एकट्याने भरण्याच्या लायकीचा नाही. पहिलं वर्ष पैसे देऊन नीट करून घ्या, त्याची प्रत ठेवा, पुढच्या वर्षी बघा जमतं का.

धंदा असणाऱ्यांना जुनी करप्रणाली हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए द्यावा लागतो, आणि पगारदारांसारखं दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही. धंदा नसणाऱ्यांनी मुदत चुकवून रिटर्न भरलं तर त्यांना जुनी प्रणाली मिळत नाही.

साधं रिटर्न असूनही दरवर्षी पैसे मोजायचे

फक्त पेन्शन आणि बँकेचं व्याज असेल तर स्वतः भरा. आयकर खात्याच्या पोर्टलवर रिटर्न भरायला एक पैसा लागत नाही, बरीचशी माहिती आधीच भरलेली येते आणि फॉर्म वाचता येणाऱ्या नातवंडाला शेजारी बसवलंत की भीती जाते. एवढंच करा: ‘सबमिट’च्या आधी वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडा आणि पासबुकाशी ताडून बघा.

इथे दोन गोष्टी हमखास निसटतात. टीडीएस (बँकेने व्याजातून आधीच कापून भरलेला कर) कापला नाही म्हणजे व्याजावर कर नाही, हा समज. बँका आता वर्षाला ५०,००० च्या वर, ज्येष्ठांना १ लाखाच्या वर व्याज गेलं तरच टीडीएस कापतात. त्याच्या खालचं व्याजही दाखवायचंच असतं. गावच्या पतसंस्थेचं व्याज एआयएसमध्ये दिसलं नाही तरी दाखवायचं. दुसरी गोष्ट, पतीच्या पश्चात मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन चुकून पगारात लिहिलं जातं. ते ‘इतर उत्पन्ना’त येतं, आणि नव्या प्रणालीत त्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० यांतली कमी रक्कम वजा मिळते.

“रिफंड काढून देतो” म्हणणारा माणूस

रिफंडच्या टक्क्यावर फी घेणाऱ्याकडे जाऊ नका. त्याचं पोट तुमचा रिफंड फुगवण्यावर आहे. न दिलेली राजकीय देणगी, न भरलेलं घरभाडं, नसलेल्या कर्जाचं व्याज, असलं काहीबाही घातलं जातं आणि तुमच्या खात्यात पैसे आले की तुम्हीही विचारत नाही. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा मध्यस्थांवर महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मोहीम काढली. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचं खात्याने तेव्हा जाहीर केलं. खोटी माहिती दिल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो आणि तो दुकानदाराला होत नाही. रिटर्न पडताळलं तुमच्या ओटीपीने, जबाबदारी तुमची.

चांगला माणूस ओळखायची माझी खूण साधी आहे. तो तुमच्याकडून आधार आणि फॉर्म १६ घेऊन “संध्याकाळी या” म्हणाला तर तो टायपिंगचे पैसे घेतो. “बाग आहे का, गावचं घर कुणाच्या नावावर, पतसंस्थेत काही आहे का, यंदा जमीन विकली का,” असं विचारून डोकं खाल्लं, तर त्याला दिलेली फी वसूल आहे. ‘कर सल्लागार’ ही पाटी कुणीही लावू शकतो. सीए म्हणवत असेल तर सभासद क्रमांक विचारा, तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

लॉगिनच दुसऱ्याच्या हाती

तुमच्या जुन्या रिटर्नची प्रत काढा आणि पत्त्याच्या भागात ईमेल नि मोबाइल बघा. बऱ्याच जणांच्या कागदावर तिथे दुकानाचा ईमेल असतो. सोय म्हणून टाकलेला, पण खात्याच्या नोटिसाही तिकडेच जातात. दुकान बंद झालं, माणूस पनवेलला गेला, की तुम्हाला थेट मागणीचा आकडाच दिसतो.

यावर उपाय आहे. पॅन टाकून ‘पासवर्ड विसरलो’ निवडा, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवा, नवा पासवर्ड ठेवा, मग प्रोफाइलमध्ये आपला ईमेल आणि नंबर घाला. पुढे कुणाकडून भरून घ्यायचं असेल तरी पासवर्ड द्यायची गरज नाही. पोर्टलवर सीए किंवा अधिकृत ई-रिटर्न मध्यस्थ म्हणून त्यांना जोडता येतं.

इथे फी वाचवू नका

जमीन विकली असेल तर. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, पण ‘ग्रामीण’ कुठली ते कायदा ठरवतो. १० हजार ते १ लाख लोकवस्तीच्या नगरपालिकेपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आतली जमीन त्यात बसत नाही. अलिबागकडे एनए (बिगरशेती) करून विकलेले प्लॉट तर नाहीतच. २३ जुलै २०२४ पूर्वीपासून तुमची असलेली जमीन किंवा घर असेल तर निवासी भारतीयाला महागाई निर्देशांकाशिवाय (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) १२.५ टक्के कर की निर्देशांकासह २० टक्के, यांतला फायद्याचा पर्याय मिळतो. १ एप्रिल २००१ च्या आधीपासूनच्या वडिलोपार्जित मिळकतीला त्या तारखेचं मूल्यांकन लागतं. महामार्गात गेलेल्या जमिनीच्या वाढीव मोबदल्यावर व्याज मिळालं असेल तर त्यालाही कर आहे, त्यातलं निम्मं वजा जातं.

घरात कुणी जहाजावर किंवा आखातात असेल तर. भारतात किती दिवस राहिले यावरून अनिवासी ठरतं. अनिवासी माणसाला सहज फॉर्म चालत नाही, १२ लाखांची सवलतही नाही. सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती दरवर्षी काढून ठेवा. आखातातून कायमचे परत आलेल्यांनी तिकडचं चालू बँक खातं रिटर्नमध्ये दाखवायचं की कसं, हे विचारूनच भरावं.

बिघडलं असेल तर

रिटर्न भरलं पण पडताळलं नाही: ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करा. त्यानंतर केलं तर पडताळणीची तारीखच भरल्याची तारीख धरली जाते आणि उशिराची फी लागू शकते, ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० रुपये, त्यापुढच्या उत्पन्नाला ५,०००.

फॉर्म चुकला: ‘सदोष रिटर्न’ची नोटीस आली तर उत्तराला १५ दिवस असतात. घाबरण्यासारखं नाही, योग्य फॉर्म भरून उत्तर द्यायचं. आपलं आपल्याच लक्षात आलं तर ३१ डिसेंबरपर्यंत फी न देता सुधारित रिटर्न भरता येतं.

रिफंड अडकला: बँक खातं पोर्टलवर पुन्हा प्रमाणित करा. १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळाली. तिच्या खातेदारांनी नव्या पासबुकावरचा आयएफएससी बघून घ्यावा आणि मग ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती टाकावी.

मागच्या वर्षांत बाग किंवा व्याज राहून गेलं: आयटीआर-यू हा अद्ययावत रिटर्नचा फॉर्म करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं आर्थिक वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येतो. जितका उशीर तितका जादा कर, पहिल्या वर्षी २५ टक्के, चौथ्या वर्षी ७० टक्के. या फॉर्मने रिफंड मागता येत नाही, तेव्हा ‘जुने रिफंड काढून देतो’ म्हणून आयटीआर-यू भरायला निघालेल्या माणसाला दारातूनच परत पाठवा.