ऑनर्सचं दार दुसऱ्या वर्षीही उघडं असतं: चँडलरला नव्याने आलेल्या घरांसाठी

दर वर्षी इथे, फीनिक्सजवळच्या चँडलरमध्ये, गणपतीच्या मीटिंगला एखादी नवीन आलेली आई मला चहाच्या टेबलापाशी गाठते. "ताई, मुलगा एएसयूत लागला, पण बॅरेटचा फॉर्म वेगळा भरायचा असतो हे आम्हाला कळलंच नाही. आता संपलं ना?"

संपलेलं नाही. (एएसयू म्हणजे अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि बॅरेट हे तिचं ऑनर्स कॉलेज.) आमचंही असंच झालं होतं. मार्क चांगले पडले की ऑनर्सवाले आपोआप बोलावतील, अशी माझी समजूत होती. कुणी बोलावत नसतं. माझी मुलगी पहिल्या सेमिस्टरचे मार्क हातात आल्यावर अर्ज करून दुसऱ्या वर्षी आत गेली. अशा मुलांना इथे 'कंटिन्यूइंग' किंवा 'करंट स्टुडंट' म्हणतात. त्यांचा अर्ज निराळा असतो आणि तारीखही निराळी. आम्ही दोन संध्याकाळी चुकीच्या फॉर्मवर घालवल्या, तुम्ही घालवू नका.

आधी 'ऑनर्स' या शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षं आणि १२० क्रेडिट झाली की पदवी मिळते, आणि चौथं वर्ष करून १६० क्रेडिट केली की ऑनर्स. त्यामुळे नुकत्याच आलेल्या पालकांना वाटतं की हे जादा वर्ष आहे, म्हणजे जादा खर्च. इथे तसं नाही. त्याच चार वर्षांच्या आत हा वेगळा अभ्यास बसवायचा असतो. पदवीपत्रावर 'कम लाउडे' वगैरे येतं तेही वेगळं प्रकरण, ते नुसत्या जीपीएवर, म्हणजे मार्कांच्या सरासरीवर, मिळतं आणि त्याला अर्ज लागत नाही.

आता बॅरेटबद्दल. १९८८ साली सुरू झालं आणि २००० साली चिप बनवणाऱ्या इंटेलचे क्रेग बॅरेट आणि त्यांच्या पत्नी बार्बरा यांच्या देणगीनंतर त्याला त्यांचं नाव लागलं. आपल्यापैकी निम्मी घरं चिपच्या धंद्यामुळेच चँडलरला आली, तेव्हा नाव ओळखीचं वाटेल. पहिल्या वर्षापासून असलेल्या मुलांना एकूण ३६ ऑनर्स क्रेडिट आणि शेवटी प्रबंध करावा लागतो, जीपीए किमान ३.२५ ठेवावा लागतो. उशिरा येणाऱ्यांच्या अटी त्यांची किती सेमिस्टर उरली आहेत यावर ठरतात, पण प्रबंध कुणालाच चुकत नाही. म्हणून माझा सल्ला सोपा आहे: पहिल्या वर्षाच्या आतच अर्ज टाका. तिसरं वर्ष अर्धं झाल्यावर जाग आली, तर मी तरी कुणाला धावपळ करायला सांगणार नाही. त्यापेक्षा त्या मुलाने आपल्या विभागातल्या एखाद्या प्राध्यापकाबरोबर नीट काम करावं.

आता पालकांना न आवडणारी गोष्ट. ऑफिसला फोन तुम्ही करू नका. मी केला होता. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीशिवाय त्या काही बोलू शकत नाहीत. १९७४ चा कायदा आहे, त्याला सगळे 'फर्पा' म्हणतात. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा, फी कोण भरतं याच्याशी विद्यापीठाला देणंघेणं नाही. आपण शाळेत हेडसरांना भेटायला जात होतो, ते दिवस विसरा.

प्राध्यापकांना भेटायला मुलांनीच जायचं. त्यासाठी 'ऑफिस अवर्स' असतात, आठवड्यातले दोन-तीन ठरलेले तास, दार उघडं. आपली मुलं तिथे जात नाहीत, कारण 'शंका नाही तर कशाला जायचं?' हे त्यांनी आपल्याकडूनच उचललेलं असतं. माझी मुलगी पहिल्यांदा गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर वीस मिनिटं बसली आणि परत आली. दुसऱ्या खेपेला वहीत तीन प्रश्न लिहून गेली. पहिल्याच प्रश्नावर अर्धा तास गेला, उरलेले दोन तसेच राहिले. वसंतात अर्ज करायची वेळ आली तेव्हा तिला नावानिशी ओळखणारा निदान एक माणूस कॅम्पसवर होता. बऱ्याच विद्यापीठांत अशा अर्जाला प्राध्यापकांचं पत्र लागतं. जिथे लागत नाही तिथेही पुढे प्रबंधाला गाइड लागतोच, आणि तो तीनशे मुलांच्या वर्गात मागच्या रांगेत बसून सापडत नाही.

निबंध त्यांना लिहू द्या. आमच्या घरी बाबांनी पहिला मसुदा 'सुधारला', आणि त्यात लहानपणापासूनची जिद्द, आजोबांचे संस्कार, सगळं आलं. मुलीने तो शांतपणे बाजूला ठेवला आणि बसस्टॉपबद्दल लिहिलं. फीनिक्समध्ये बसची वाट बघणारा माणूस खांबाच्या सावलीत कसा उभा राहतो आणि सूर्य सरकेल तसा कसा सरकतो, एवढंच. तोच निबंध गेला.

आत गेल्यावर पहिला धक्का 'द ह्यूमन इव्हेंट'चा. दोन सेमिस्टरचा वर्ग, थोडीच मुलं, जुन्या काळापासूनचे ग्रंथ वाचायचे आणि टेबलाभोवती बसून बोलायचं. या बोलण्याला मार्क असतात! अमेरिकेत ही ऑनर्सची रीत १९२२ साली स्वॉर्थमोर कॉलेजात फ्रँक एडलॉट यांनी रुजवली. ते ऑक्सफर्डला शिकून आले होते आणि लेक्चर ऐकून परीक्षा देण्याचा त्यांना कंटाळा होता. आपली मुलं परीक्षेत तरबेज आणि टेबलावर मुकी. माझीही महिनाभर गप्प होती. मग गीता वाचायला आली. सगळे आशेने तिच्याकडे बघायला लागले आणि हिने तर ती कधी वाचलेलीच नव्हती. त्या आठवड्यात आजीला नागपूरला व्हिडिओ कॉल झाले ते वेगळेच.

दुसरी गोष्ट 'ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट'. प्रत्येक विषयाचा वेगळा ऑनर्स वर्ग नसतो. मग साध्याच वर्गात प्राध्यापकांशी ठरवून थोडं जादा काम करायचं आणि तो विषय ऑनर्समध्ये धरून घ्यायचा. सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच हे लेखी व्हावं लागतं. शेवटी 'सर, प्लीज' चालत नाही. अर्ध्या वाटेवरून आलेल्या मुलांची क्रेडिट बहुतेक याच रस्त्याने भरतात.

एच-फोरवर (एच-वनवर काम करणाऱ्यांच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या मुलांसाठी एक गोष्ट आवर्जून. त्यांना शिकता येतं, पण पगारी काम करता येत नाही. ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी, मिळते ती ठरावीक अटींत जोडीदाराला, मुलांना नाही. तेव्हा प्रयोगशाळेत पगारी जागा देऊ केली तर आनंदाच्या भरात हो म्हणू नका. तेच काम क्रेडिटसाठी करता येतं का ते विचारा, प्रबंधाला तसंही क्रेडिटच हवं असतं. आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो. बहुतेक मुलं तेव्हा एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घेतात. हा वाढदिवस तिसऱ्या-चौथ्या वर्षात, ऐन प्रबंधाच्या धामधुमीत येतो. वकिलाशी वर्षभर आधी बोला. ऑनर्सची स्वतंत्र फी असते, तीही दर सेमिस्टरच्या हिशोबात धरा. बदल्यात विषय निवडताना लवकर नंबर लागतो, इंजिनिअरिंगच्या मुलांना तो फायदा खरंच जाणवतो. राहायला कॅम्पसवरच गेलं पाहिजे असं नाही. आमची घरूनच जात होती.

मुलीचा प्रबंधही शेवटी त्या बसस्टॉपबद्दलच झाला. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला (सुमारे ४३ सेल्सिअस) किंवा त्याच्या वर होता. त्या जुलैत ती इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन भर दुपारी बाक, खांब आणि डांबर मोजत फिरायची. मी गाडीत एसी लावून बसायचे, हातात ताकाची बाटली. बाकाचा आकडा बघून तिथे बसणाऱ्यांची मला काळजी वाटायला लागली.

प्रबंधाच्या डिफेन्सला, म्हणजे तो परीक्षकांपुढे मांडतात तेव्हा, आई-वडिलांना बसता येतं. जरूर जा. पार्किंगला अर्धा तास धरा, फोन बंद ठेवा, आणि शेवटी 'कुणाला प्रश्न?' असं विचारलं तर तो तुम्हाला उद्देशून नसतो. माझ्या नवऱ्याने हात वर केला. "पण तिथे झाडंच का लावत नाहीत?"

मुलगी हसलीसुद्धा नाही. "पान तेवीस, बाबा," म्हणाली आणि पुढची स्लाइड लावली.