कविता शिकवा, पण नकाशा लावून

अमेरिकेतले कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज यांनी विशीच्या आत लिहिलेली नद्यांवरची कविता १९२१ साली छापून आली. ती वर्गात घेताना आधी अर्थ सांगत बसू नका. भिंतीवर जगाचा नकाशा लावा, कविता मोठ्याने वाचा आणि नदीचं नाव आलं की एकेका मुलाला तिच्यावर बोट ठेवायला सांगा: युफ्रेटिस, काँगो, नाईल, मिसिसिपी. शेवटच्या उडीत बोटाला अख्खा अटलांटिक ओलांडावा लागतो. तिथेच थांबा! ‘आफ्रिकेतली माणसं पलीकडे कशी पोचली असतील?’ असं विचारा आणि मुलांना बोलू द्या. गुलामांच्या जहाजांचा विषय आपसूक निघतो. कवितेतला अब्राहम लिंकनचा उल्लेख नंतर घ्या. मोठ्या वर्गाला मात्र १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर संघटना आणि अमेरिकेतली कृष्णवर्णीयांची ब्लॅक पँथर यांचं नातं जरूर सांगा.