रीफ टँकमध्ये आयर्न: किती टाकायचं, आणि टेस्ट किटचं किती ऐकायचं

रीफ टँकला (कोरल ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक) जोडलेल्या रिफ्युजियममधला, म्हणजे शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यातला, चेटो (पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट खाणारं हिरवं शेवाळ) फिकट पडला, टोकं पांढरी व्हायला लागली की लोक लगेच आयर्नची बाटली शोधायला लागतात. आधी नायट्रेट आणि फॉस्फेट टेस्ट करा. दोन्ही शून्य येत असतील तर चेटो मुळातच उपाशी आहे, त्याला नायट्रोजनच मिळत नाहीये, आणि मग तुम्ही कितीही आयर्न ओतलंत तरी तो हिरवा होणार नाही. नायट्रेट २ ते १० पीपीएम (एका लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान कुठेतरी दिसतंय आणि तरीही चेटो फिकट आहे, वाढ थांबलीये, लाइट पण ठीक आहे, तर मग आयर्नचा विचार करा.

हेच समुद्रात मोठ्या प्रमाणावर करून बघितलेलं आहे बरं का. २००९ मध्ये गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट यांनी मिळून लोहाफेक्स नावाचा प्रयोग केला, पोलारश्टेर्न जहाजातून दक्षिण महासागरात जवळपास ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात फेरस सल्फेट सोडलं. शेवाळं वाढलं, पण अपेक्षेइतकं नाही, कारण तिथल्या पाण्यात सिलिकेट जवळजवळ नव्हतंच त्यामुळे डायटम (सिलिकेटपासून कवच करणारं सूक्ष्म शेवाळ) वाढू शकले नाहीत, आणि जे काही दुसरं शेवाळं आलं ते कोपेपॉडांनी (पाण्यात तरंगणारे कोळंबीच्या जातीचे बारीक जीव) खाऊन टाकलं. म्हणजे बाकीचा शिधा भरलेला असेल तरच आयर्नचा उपयोग, समुद्रात पण आणि तुमच्या २०० लिटरच्या टँकमध्ये पण.

आता मुळात कमी का पडतं ते बघू, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. चुनखडीच्या जमिनीत ऊस पिवळा पडतो, शेतकरी त्याला केवडा पडला म्हणतात. तिथे जमिनीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं, पण पीएच आठच्या वर आणि चुना जास्त त्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. रीफ टँकचं अगदी तसंच आहे. पीएच ८.२, अल्कलिनिटी चांगली, पाणी ऑक्सिजनने भरलेलं. त्यात साधं फेरस आयर्न टाकलंत तर काही मिनिटांत ते फेरिक होतं आणि गंजासारखं बारीक कण होऊन खाली बसतं, जाताजाता थोडं फॉस्फेट पण धरून नेतं. (फॉस्फेट काढायला वापरतात तो जीएफओ मीडिया म्हणजे तरी दुसरं काय, लोखंडाचा ऑक्साइड-हायड्रॉक्साइडच.) म्हणून आयर्न नेहमी त्याला विरघळलेलं धरून ठेवणाऱ्या कशाला तरी बांधून द्यायचं, सायट्रेट, ग्लुकोनेट, ईडीटीए यापैकी काहीतरी. खऱ्या समुद्रात पण विरघळलेलं जवळजवळ सगळं लोह सेंद्रिय पदार्थांना बांधलेलंच असतं.

टेस्टिंगचं सांगतो, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर लोह एक नॅनोमोलपेक्षाही कमी असतं, म्हणजे एका लिटरला ०.०५६ मायक्रोग्रॅमच्या आत. आणि आपल्या हॉबी किटच्या कलर कार्डवरची शून्यानंतरची खूण ०.०५ पीपीएमच्या आसपास असते, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. हजारपट फरक आहे! त्यामुळे किट शून्य दाखवतंय म्हणून टँकमध्ये आयर्न नाही असं म्हणता येत नाही, आणि किटवर रंग दिसेपर्यंत डोस वाढवत नेणं हा तर शुद्ध वेडेपणा. रेड सी कंपनीच्या कलर प्रोग्रॅममध्ये ०.१ ते ०.१५ पीपीएमचं टार्गेट दिलेलं असतं, त्या पद्धतीने टँक चालवणारे लोक आहेत आणि काहींचे टँक छान पण आहेत, पण तो आकडा समुद्रातला नाही एवढं डोक्यात ठेवा. माझं मत विचाराल तर किट फक्त वरची मर्यादा बघायला वापरायचं. रंग आला म्हणजे जास्त झालं, थांबा.

टेस्ट करताना काही गोष्टी पाळा नाहीतर आकडा कचरा. टेस्टची बाटली आधी पांढऱ्या व्हिनेगरने आणि मग आरओ-डीआयच्या (फिल्टर करून क्षार काढलेल्या) पाण्याने दोनतीनदा खळबळून घ्या, नळाचं पाणी नको, जुन्या इमारतींमधल्या गंजक्या जीआय पाइपमधून येणाऱ्या पाण्यातच आयर्न असतं. धातूचा चमचा, चिमटा काही लावू नका. शेजारी फक्त आरओ-डीआय पाण्याची एक टेस्ट लावा म्हणजे शून्य कसं दिसतं ते डोळ्यासमोर राहतं, फिकट गुलाबी आणि पांढरा यातला फरक ट्यूबलाइटखाली भल्याभल्यांना कळत नाही, दिवसा खिडकीशी बघा. आणि घाई करू नका, बांधलेलं आयर्न केमिकलला उशिरा सापडतं, किटने दहा मिनिटं सांगितली असली तरी अर्ध्या तासाने परत एकदा बघा. रंग गडद होत चालला असेल तर तेच कारण.

किटवर संशय असेल तर त्याचीच परीक्षा घ्या. खाली जे सोल्युशन सांगतोय त्यातलं १ मिली बादलीतल्या ४ लिटर टँकच्या पाण्यात ढवळा, हे झालं ०.१ पीपीएम. यावर किटने रंग दाखवला नाही तर किट एक्सपायर झालंय किंवा तुमच्या पाण्यात चालत नाहीये. ते बादलीतलं पाणी परत टँकमध्ये नाही टाकायचं, हे सांगावं लागतं.

आयसीपी टेस्टबद्दल (लॅबमधल्या यंत्रावर पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी टेस्ट) विचारलं जातं. चांगलीच आहे, किटपेक्षा खूप खालपर्यंत बघते, पण परदेशात सॅम्पल पाठवायचं तर ते वाटेत बरेच दिवस जातं आणि तेवढ्यात आयर्न ट्यूबच्या भिंतीला चिकटतं किंवा खाली बसतं, त्यामुळे आयसीपीमधलं शून्य सुद्धा शंभर टक्के शून्य नाही. उलट आकडा मोठा आला तर मात्र गंभीरपणे घ्या. पंपाचं मॅग्नेट फुटलंय का, ग्लास क्लीनरच्या मॅग्नेटचं कोटिंग गेलंय का, पाइपला स्टीलची क्लॅम्प आहे का, हुडचा स्क्रू गंजून पाण्यात पडलाय का, एकेक तपासा.

आता सोल्युशन. रेडिमेड बाटली मिळाली तर उत्तम, लेबलवरचा डोस अर्धा करून सुरू करा. घरी करायचं असेल तर फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट म्हणजे आपलं हिराकस लागतं आणि ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट. दोन्ही लॅब केमिकलच्या दुकानातून घ्या. कृषी सेवा केंद्रातलं १९ टक्केवालं फेरस सल्फेट स्वस्त पडतं पण ते खत आहे, त्यात बाकी कुठले धातू किती आहेत ते आपल्याला माहीत नसतं. आणि ‘मायक्रोन्युट्रिएंट ग्रेड २’ तर चुकूनही नको, त्यात झिंकबरोबर कॉपर पण असतं, कॉपरने श्रिंप, स्नेल, कोरल सगळे जातील. मेडिकलमधल्या आयर्नच्या गोळ्या पण नकोत, कोटिंग, रंग, फॉलिक अॅसिड असलं सगळं त्यात असतं.

सोनारकाट्यासारखा ०.०१ ग्रॅमवाला छोटा डिजिटल काटा घ्या. ५०० मिली आरओ-डीआय पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रेट पूर्ण विरघळवा, मग १ ग्रॅम फेरस सल्फेट टाका. हिराकसमध्ये वजनाच्या साधारण २० टक्के लोह असतं, म्हणजे या बाटलीत एका मिलीला ०.४ मिलिग्रॅम आयर्न झालं. हिरवट-पिवळं सोल्युशन हळूहळू तपकिरीकडे जातं, घाबरू नका, फेरसचं फेरिक होतंय पण सायट्रेटने धरून ठेवलंय, चालतं. तळाला गाळ बसला किंवा बुरशी आली तर फेकून द्या. गडद बाटली, फ्रिजमध्ये, वर मोठ्या अक्षरात लेबल, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, लहान मुलांना आयर्न विषारी असतं.

डोस असा. २०० लिटर खऱ्या पाण्याला, म्हणजे दगड-वाळू वजा करून आणि संप (खालचा फिल्टरचा टँक) धरून, १ मिली टाकलं की २ मायक्रोग्रॅम प्रति लिटर वाढतं. आठवड्यातून दोनदा १ मिली, इथून सुरुवात. दोनतीन आठवडे काहीही बदलू नका, फक्त चेटो बघा आणि काच किती दिवसांनी पुसावी लागते ते बघा. चेटोची नवीन वाढ गडद हिरवी यायला लागली तर तोच डोस कायम. काहीच फरक नाही तर २ मिली, मग फार तर ३ मिली, त्याच्या वर मी जाणार नाही, तेवढ्याने होत नसेल तर तुमचा प्रॉब्लेम आयर्न नाहीये. एक मिलीच्या सिरिंजने मोजा, पण इन्सुलिनची सिरिंज वापरत असाल तर नीट बघा, आपल्याकडे यू-४० सर्रास मिळते, तिच्यावर ४० युनिट म्हणजे १ मिली, यू-१०० वर १०० युनिट म्हणजे १ मिली.

टाकायचं रिफ्युजियमच्या तोंडाशी, फ्लो असेल तिथे, स्किमरच्या (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) इनटेकपाशी नाही. रिफ्युजियमचा लाइट रात्री लागत असेल तर तो लागतानाच द्या म्हणजे चेटोला आधी मिळतं, डिस्प्लेमधल्या (मुख्य टँकमधल्या) शेवाळाला नंतर. फिल्टरमधला कार्बन आणि स्किमर दोन्ही बांधलेलं आयर्न थोडंफार ओढून घेतात, म्हणून कार्बन बदललात त्याच दिवशी डोस नको. आणि रोज नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), फ्रोझन फूड भरपूर पडत असेल तर खाण्यातूनच आयर्न येतंय, वेगळं द्यायची गरज बहुतेक नाही.

हेअर अल्गी (केसाळ शेवाळ), सायनो किंवा डायनो (चिकट थर धरणारे सूक्ष्मजीव) चालू असताना आयर्न सुरू करू नका, चालू असेल तर बंद करा. जास्त आयर्नने मासे मरत नाहीत, पण नको ते शेवाळ माजतं, आणि हे नुसत्या काचेच्या पेटीतलं नाही. पॅसिफिकमधल्या पाल्मायरा अटॉलवर १९९१ मध्ये एक मासेमारी बोट बुडाली, आणि त्या भागातल्या पाण्यात लोह मुळातच अगदी कमी असल्यामुळे गंजणाऱ्या बोटीभोवती रोडॅक्टिस हा कोरॅलिमॉर्फ, म्हणजे आपण मश्रूम कोरल म्हणून विकत घेतो त्याचाच नातलग, एवढा पसरला की मूळ कोरल झाकून गेलं. पॅसिफिकमधल्याच लाइन आयलंड्समध्ये अशा बुडालेल्या बोटींच्या आसपास काळं शेवाळ आणि सायनो माजलेल्या पट्ट्यांना संशोधक ‘ब्लॅक रीफ’ म्हणतात.

डोस जास्त झाला असं वाटलं तर २०-२५ टक्के पाणी बदला, ताजा कार्बन लावा, जीएफओ असेल तर चालू करा, आणि महिनाभर बाटलीला हात लावू नका. गावाला जाताना सुद्धा आयर्न बंदच, शेजाऱ्याला फक्त खाणं टाकायला सांगा, आयर्नवाचून दोन आठवडे चेटोचं काही बिघडत नाही.