काउबॉय ॲक्शन शूटिंग: चार बंदुका निवडताना

काउबॉय ॲक्शन शूटिंग म्हणजे जुन्या काउबॉय काळातल्या बंदुकांनी खेळायची नेमबाजी. तिच्या एका स्टेजला, म्हणजे सामन्यातल्या एका फेरीला, चार बंदुका लागतात: दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर (दर बाराआधी घोडा, म्हणजे मागची ठोकणारी कळ, हाताने ओढावा लागणाऱ्या), पिस्तुलाचं काडतूस चालणारी लिव्हर ॲक्शन रायफल (दर बारानंतर चापाखालची लिव्हर चालवावी लागणारी) आणि जुन्या घडणीची शॉटगन. खेळाचे नियम अमेरिकेतली सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी (सॅस) ठरवते. ही संस्था 1987 साली स्थापन झाली. बंदुका एकोणिसाव्या शतकातल्या घडणीच्या हव्यात. अस्सल जुन्या किंवा प्रतिकृती, दोन्ही चालतात. साधारण स्टेजमध्ये प्रत्येक रिव्हॉल्व्हरमधून 5, रायफलमधून 10 आणि शॉटगनमधून किमान 4 बार काढायचे असतात. गुण म्हणजे लागलेला वेळ, आणि प्रत्येक चुकलेल्या नेमाला 5 सेकंदांची भर. अडकलेलं एक काडतूस सोडवताना जेवढा वेळ जातो, तेवढा कितीही महागड्या बंदुकीने वाचत नाही. त्यामुळे निवड करताना वेगाआधी बिनचूक चालणं पाहा.

अमेरिकेत एच-1बी किंवा एफ-1 व्हिसावर असाल तर खरेदीचा विचार करण्याआधी कायदा बघा. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या व्यक्तीला तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घ्या. ही मनाई फक्त मालकीपुरती नाही, दुसऱ्याची बंदूक हातात घेण्यालाही लागू होऊ शकते. ग्रीन कार्ड असेल तर हा अडथळा नाही.

आधी काडतूस ठरवा

नवख्याने .38 स्पेशल घ्यावं. दोन्ही रिव्हॉल्व्हर आणि रायफल .357 मॅग्नमच्या घ्यायच्या आणि त्यात .38 चालवायचं. तिन्ही बंदुकांना एकच काडतूस लागलं की लोडिंग टेबलवर सरमिसळ होत नाही, धक्का कमी बसतो आणि खर्चही आवाक्यात राहतो. .45 कोल्टचा थाट मोठा, पण रायफलमध्ये हलका भार (कमी दारू) वापरला की त्याचं जाड, सरळ पितळी कवच चेंबरला (नळीतल्या काडतुसाच्या घराला) नीट चिकटत नाही आणि काजळी मागे यंत्रणेत येते. .44-40 चं पितळ पातळ असल्याने चेंबर छान बंद करतं, म्हणून बंदुकीची जुन्या पद्धतीची काळी दारू वापरणारे त्याला पसंती देतात.

गोळी शिशाचीच हवी. तांब्याचं आवरण असलेली चालत नाही, कारण टार्गेट पोलादी आणि जवळ असतात, रिव्हॉल्व्हरसाठी बहुधा 7 ते 10 यार्डांवर. वेगमर्यादा रिव्हॉल्व्हरला सेकंदाला 1000 फूट, रायफलला 1400 फूट. खालची मर्यादाही आहे: गोळीचं ग्रेनमधलं वजन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं एकक) गुणिले फुटांमधला वेग, भागिले 1000, हा आकडा 60 च्या खाली जाता कामा नये. 125 ग्रेनची गोळी 700 फुटांनी गेली तर 87.5 येतो, म्हणजे भरपूर झाला. आणि गोळीचं टोक चपटं घ्या. रायफलच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीला) टेकलेलं असतं. टोक अणकुचीदार असेल तर आतच बार उडू शकतो.

रायफल

खरी परीक्षा रायफलची. बहुतेक स्पर्धकांच्या हातात 1873 विंचेस्टरची प्रतिकृती दिसते, त्यातही उबर्ती या इटालियन कंपनीची. हिची टॉगल यंत्रणा मऊ चालते आणि लिव्हरचा प्रवास कमी करण्याचे सुटे भाग सहज मिळतात. मात्र काडतुसाच्या लांबीबाबत ती हट्टी आहे. काडतूस फार लांब असेल तर कॅरिअर (काडतूस मॅगझिनमधून चेंबरपर्यंत उचलणारा भाग) वर येत नाही. फार आखूड असेल तर रांगेतलं मागचं काडतूस अर्धवट कॅरिअरमध्ये घुसतं आणि सगळं जाम होतं. म्हणून एक लांबी ठरवा आणि तीच कायम ठेवा. लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय चाप ओढू न देणारी जी कळ खाली असते, ती काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. यंत्रणा अर्धवट उघडी असताना बार उडाला तर तुमच्या तोंडाजवळ उडतो.

मार्लिन 1894 हलकी आणि स्वस्त, पण कॅरिअर झिजला की दुसरं काडतूस त्याच्याखाली सरकतं. जुनी घेत असाल तर कॅरिअरची कड आधी बघा. 1892 विंचेस्टरच्या प्रतिकृती मजबूत असतात, पण बऱ्याचदा घासून मऊ कराव्या लागतात. 16 इंची नळीच्या रोसी 1892 मध्ये .357 ची 8 च काडतुसं मावतात, आणि तुम्हाला 10 हवीत. 20 इंची घ्या. 24 इंचीचं तोंड जड होतं आणि एका टार्गेटवरून दुसऱ्यावर वळवताना ते जाणवतं.

रिव्हॉल्व्हर

रुगर न्यू व्हॅकेरो किंवा उबर्ती-पिएट्टाच्या 1873 कोल्टच्या प्रतिकृती. रुगर दणकट, सांभाळायला सोपी. लहान हाताला कोल्टचा आकार बरा पडतो: पकड न बदलता अंगठा घोड्यापर्यंत पोहोचला पाहिजे, ही कसोटी दुकानातच लावा. नळी पावणेपाच किंवा साडेपाच इंच. नेम धरायची मागची साइट हलवता येणारी असेल तर स्पर्धेतल्या वर्गांचे पर्याय कमी होतात, म्हणून स्थिर साइटची घ्या. दोन्ही रिव्हॉल्व्हर एकाच मॉडेलच्या असाव्यात, नाहीतर हात गोंधळतो.

सहा घरांच्या सिलिंडरमध्ये पाचच काडतुसं भरतात आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवतात. जुन्या कोल्टमध्ये घोड्याचं टोक थेट प्रायमरवर येतं, रिव्हॉल्व्हर हातातून पडली तर बार उडतो. रुगरला आतून सुरक्षा असली तरी नियम तोच. क्रम: एक भरा, एक घर सोडा, चार भरा, काडतुसं भरायची झडप मिटा, घोडा पूर्ण मागे ओढा आणि अंगठ्याने अलगद खाली सोडा. आता घोड्याखाली रिकामं घर आहे.

मेन स्प्रिंग (घोड्याला जोर देणारी) फार हलकी करू नका. घोडा मऊ ओढता येतो, पण कडक प्रायमर फुटत नाही आणि एकेका फुसक्या बारामागे 5 सेकंद जातात.

शॉटगन

12 बोअर, ऑटोमॅटिक इजेक्टर (रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकणारा भाग) नसलेली, शेजारी-शेजारी दोन नळ्यांची. स्टोगरची कोच गन स्वस्तात मिळते, नवी असताना कडक उघडते. चेंबर पॉलिश करून घेतले की तोंड वर करून झटका देताच रिकामी काडतुसं निसटतात. रेघा असलेल्या प्लास्टिकची काडतुसं अडकतात, म्हणून गुळगुळीत आवरणाची वापरा. भार हलका ठेवा. छर्रे शिशाचे आणि 4 नंबरपेक्षा मोठे नकोत. बाहेर घोडे असलेली दुनळी दिसायला सुंदर, पण दर वेळी दोन्ही घोडे ओढावे लागतात. 1897 विंचेस्टरची पंप गन (नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरणारी) वेगवान आहे, मात्र काही जुन्या अस्सल बंदुकांचे चेंबर आजच्या पावणेतीन इंची काडतुसांपेक्षा आखूड असतात. बंदुकीच्या कारागिराकडून मोजून घ्या.

दस्त्याची लांबीही इथेच बघा. दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवला तर बोट चापापर्यंत आरामात पोहोचलं पाहिजे. बोट जास्त ताणावं लागत असेल तर दस्ता कापून घ्या, खांदा आणि गाल दोन्ही वाचतात.

यातलं काहीही विकत घेण्याआधी जवळच्या क्लबच्या सामन्याला जा. बहुतेक क्लबांत जुने सदस्य नवख्याला आपल्या बंदुका वापरून बघू देतात. घेतल्यावर मात्र सामन्यापूर्वी रायफलमध्ये 10 डमी काडतुसं भरून लिव्हर जोरात, पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे चालवा. अर्धवट चालवलेली लिव्हर हे जाम होण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. शंभर वेळा न अडकता चालली की मगच स्टेजवर न्या.